नवसाचे मासे

आमच्या घरात कणकेचे दोन डबे होते, एक आमचा आणि एक माशांचा. माशांचा डबा पितळेचा, मोठा, झाकणाला कडी असलेला. आमचा साधा जर्मनचा, एका बाजूनं चेपलेला. माणसं तीन आणि कणीक एवढी कशाला, असं कुणी आईला विचारलं की ती म्हणायची, "आमच्याकडे रोजच पंगत असते, फक्त पाहुणे पाण्यात राहतात." पहिल्या वर्षी हे ती हसून म्हणत असे. तिसऱ्या वर्षापर्यंत कणीक मळून मळून तिची मनगटं सुजायला लागली होती, पण उत्तर तेच राहिलं होतं.

काशीत दूधविनायकाच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. सकाळी सगळ्यात आधी जाग यायची ती माकडांना. मग खालच्या मजल्यावरच्या पाठशाळेतली मुलं संहिता म्हणायला बसत, मग ठठेरी बाजारातली भांड्यांची ठोकाठोक सुरू होई, आणि वारा त्या बाजूचा असला तर मणिकर्णिकेकडे निघालेल्यांचं 'राम नाम सत्य है' ताटावर बसल्या बसल्या ऐकू येई. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांत जेवताना हा आवाज येत असणार. आमची मराठीही त्या गल्लीचीच होती. पुण्याची आत्या आली की तोंडाला पदर लावून हसायची, कारण आई 'दरवाजा भिडव' म्हणायची, मी 'चाबी' आणि 'सब्जी' म्हणायचे, आणि आमच्या आमटीत आमसुलाऐवजी चिंच असायची. आत्याने पाठवलेला गोडा मसाला आई मात्र सोन्यासारखा जपायची. उन्हाळ्यात सकाळी सातू, दुपारी बेलाचं सरबत आणि रात्री खिचडी, एवढ्यावर आमचा जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिना, निघायचा.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वैदिक होते. चांगले वैदिक होते, पण पहिल्या रांगेतले नव्हते. घनपाठाला चार जण लागले तर अण्णा चौथे. आणि तिघांतच भागलं तर अण्णा घरी. ते कधी बोलून दाखवत नसत. त्यांचं स्वतःचं असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे बेलकुंड. गल्ल्या संपून मोठा रस्ता लागतो, त्याच्या पलीकडे चारी बाजूंनी दगडी पायऱ्या असलेलं हे लहानसं कुंड, काठाला बेलाची आठ-दहा झाडं आणि लक्ष्मीनारायणाचं एक बुटकं देऊळ. देवळाची पूजा आमच्या घराण्याकडे होती. या काठावरून हाक मारली तर त्या काठावर सहज ऐकू जाईल, एवढंच ते कुंड. पण त्यात रोहू होते, नैन होते, चिखलात राहणारे गिरई आणि मांगुर होते, पाठीवर शेवाळ वाढलेली म्हातारी कासवं होती, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात कमळाचं आणि पाणवनस्पतीचं एक दाट बेट होतं. तिथे पाणकोंबड्या पिलं घालत.

दर चैत्रात सुक्खू मल्लाह येई. रामनगरकडचा हा माणूस, अण्णांच्याच वयाचा, काळा, काटक. तो आणि त्याचा भाऊ दोन दिवस कुंडात जाळं टाकत, मोठे मासे काढून नेत, आणि मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तळाचा गाळ घमेल्यांनी उपसत. तो गाळ नावेतून गंगेपलीकडच्या रेतीवर जाई, कारण गंगा आटली की सुक्खू तिथे काकडी आणि खरबुजं लावायचा. अण्णा ते दोन दिवस कुंडाकडे पाठ करून पूजा उरकत आणि घरी येऊन पुन्हा स्नान करत. महिन्याभरानं सुक्खू एक टोपलीभर काकड्या आमच्या उंबऱ्यावर ठेवून जाई आणि आई त्यांची कोशिंबीर करी. ही व्यवस्था कुणी घालून दिली, माझ्या आजोबांनी की त्यांच्याही आजोबांनी, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिला कुणी व्यवस्थाही म्हणत नसे.

मी बारा वर्षांची असताना मला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ताप उतरायचा तर उलट चढला, आणि डॉक्टर अण्णांशी जिन्यात जाऊन बोलले. त्या संध्याकाळी अण्णा बेलकुंडात छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि नवस बोलले. मुलगी वाचली तर या कुंडात पुन्हा जाळं पडणार नाही, आणि सव्वा लाख रामनाम मी या माशांच्या मुखी घालीन. दोन दिवसांनी माझा ताप उतरला. औषधही चालू होतंच. पण आमच्या घरात औषधाचं नाव कुणी काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर पुढे शिकूनसवरूनही मला अण्णांच्या तोंडावर ते कधी काढता आलं नाही.

पुढच्या चैत्रात सुक्खू जाळं खांद्यावर टाकून आला. अण्णा पायरीवर उभे होते.

"अब यहाँ हिंसा नहीं होगी, सुक्खू," अण्णा म्हणाले.

सुक्खूनं कुंडाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "गुरुजी, जाल ना लगी त कुंड अघा जाई," तो म्हणाला. म्हणजे जाळं पडलं नाही तर पोट भरून तडस लागते तसं कुंडाला होईल. अण्णांनी हात जोडले. सुक्खूनंही जोडले आणि तो गेला. त्या वर्षी आम्हाला रेतीतल्या काकड्या मिळाल्या नाहीत, आणि आईला त्यांची आठवण माझ्यापेक्षा जास्त आली.

मग आमच्या घरी रामनाम सुरू झालं. काशीत ही जुनी रीत आहे. कागदाच्या बोटभर लांब पट्ट्या कापायच्या, प्रत्येकीवर लाल शाईनं 'राम' लिहायचं, पट्टीची गुंडाळी करून ती कणकेच्या वाटाण्याएवढ्या गोळीत घालायची आणि गोळ्या माशांना घालायच्या. संध्याकाळी दिवा लागला की आम्ही तिघं चटईवर बसत असू. अण्णा लिहीत, मी गुंडाळत असे, आई गोळ्या वळत असे. माझ्या बोटांची लाली शाळेतही जात नसे. मला ती आवडायची; मी वाचले होते त्याची ती खूण होती. शेजारच्या बायका येऊन बसायला लागल्या, चटया वाढल्या. सव्वा लाख वर्षाच्या आतच पूर्ण झाले. पण पुण्यकर्म पूर्ण झालं म्हणून कुणी थांबतं का? अण्णांनी दुसरा सव्वा लाख धरला.

पुढचं सगळं आम्ही प्रेमानंच केलं, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे, कारण आता लोकांना वाटतं की नाश करणारी माणसं वेगळी दिसतात. कासवं मासे पकडून खातात, हे अण्णांनी एकदा पाहिलं आणि त्यांना सहन झालं नाही. पाठशाळेच्या मुलांनी कासवं पोत्यात घालून गंगेत नेऊन सोडली. निघताना आईनं त्यांना हळदकुंकू वाहिलं. कोपऱ्यातल्या कमळाच्या बेटामुळे मासे नीट दिसत नाहीत म्हणून भक्तांनी एका रविवारी ते मुळासकट उपटून काढलं. पाणकोंबड्या दोन दिवस ओरडत फिरल्या आणि गेल्या. बाया मासळीबाजारातून जिवंत मासे सोडवून आणत आणि मुलाच्या परीक्षेसाठी, सुनेच्या बाळंतपणासाठी कुंडात सोडत. गोळ्यांबरोबर लाह्या आल्या, बताशे आले, पाव आले. गाळ काढायला कुणी उरलंच नव्हतं. अति तेथे माती ही म्हण आमच्या घरात रोज कुणी ना कुणी म्हणायचं, बहुतेक करून माझ्या पानातल्या तिसऱ्या पुरणपोळीला.

तिसऱ्या उन्हाळ्यात होळीपासूनच उकाडा सुरू झाला. चैत्रातच लूचा भाजणारा वारा वाहायला लागला. गल्लीतल्या विहिरीचा दोर दोन हात वाढवावा लागला, आणि कुंडाचं पाणी खाली जाऊन आयुष्यात कधी न पाहिलेल्या चार पायऱ्या उघड्या पडल्या. पाणी हिरवं झालं. आधी मुगाच्या पाण्यासारखं, मग वाटाण्याच्या दाट आमटीसारखं. लोक म्हणाले, बेलाच्या पानांचा रंग उतरलाय. पुढे माझ्या विद्यार्थिनी हे ऐकून हसायच्या. मी पस्तीस वर्षं एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं, पण ते हिरवं पाणी पाहणारी मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मलाही बेलाचीच पानं दिसली होती.

आणि मग तो चमत्कार झाला. जेठात एका पहाटे अण्णा पूजेला गेले तर कुंडातले झाडून सगळे मासे वर आलेले. शेकडो तोंडं पाण्याबाहेर, उघडमीट करत असलेली. अण्णांनी गोळी टाकली नव्हती, हाकही मारली नव्हती. ते धावत घरी आले, मला हाताला धरून घेऊन गेले. काठावर बसून मी पाहिलं. ओठ असे हलत होते की बघणाऱ्याला शब्द ऐकू यावा. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाव घेताहेत, बघ," ते म्हणाले, "तीन वर्षांचं अन्न अंगी लागलं त्यांच्या." सूर्य चांगला वर आला आणि मासे एकेक करून खाली गेले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

आठवड्याभरात पहाटे पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळेना. बंगाली विधवा आल्या, मारवाडी कुटुंबं आली, दक्षिणेतले यात्रेकरू आले. जो तो काहीतरी घेऊन येई आणि पाण्यात टाकी. ज्या वैदिकांच्या रांगेत अण्णा चौथे उभे राहत ते तिघंही आले, आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या गुरुजींनी भर गर्दीत अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी अण्णा घरी आले ते जिन्यातून गुणगुणत. आईनं शिरा केला. आपला बाप आनंदी झालेला पाहणं मुलीला किती आवडतं, हे ज्यांचे बाप कधी फारसे आनंदी नव्हते त्यांना विचारा.

त्याच सुमाराला आईला आणि मला रामनगरला जायचं होतं, आईच्या मावसबहिणीकडे, लोणच्याच्या कैऱ्या फोडायला. घाटावर नाव सुक्खूचीच मिळाली. आईला पाण्याची भीती. ती डोळे मिटून दुसऱ्या टोकाला बसली आणि तोंडानं स्तोत्र म्हणत राहिली. मी सुक्खूच्या वल्ह्यापाशी बसले आणि फुशारकी मारली, हो, फुशारकीच. आमच्या कुंडातले मासे रोज पहाटे रामनाम घेतात, सगळी काशी बघायला येते, तुम्ही का येत नाही, असं मी त्याला विचारलं.

सुक्खूचं वल्हं थांबलं. "भोरे में आवत हउवन? आ घाम भइले पर नीचे चल जालन?" पहाटे येतात आणि ऊन पडलं की खाली जातात का, असं तो विचारत होता.

"हो, रोज."

"पानी हरियर हौ?"

"एकदम हरा."

त्यानं आईकडे एकदा पाहिलं. मग हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "ऊ नाँव नाहीं लेत हउवन, बचिया. दम घुटत हौ. पानी में साँस नाहीं बचल."

ते नाव घेत नाहीत, त्यांचा जीव गुदमरतोय. मी त्याच्याकडे बघतच राहिले. तो सांगत गेला. गुरुजींना सांग, आजपासून चारा बंद करा. मला दोन दिवस जाळं टाकू द्या. अर्धे मासे निघाले तर उरलेले जगतील. आणि ढग येऊन वारा पडायच्या आत करा, नाहीतर एकही राहणार नाही. "एक्को ना बची," तो म्हणाला आणि पुन्हा वल्हं मारायला लागला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला राग आला. माशांचा लोभ सुटला नाही म्हणून बोलतोय, असं मी मनात म्हटलं. मनात त्याला मी आणखीही काही म्हटलं, ते लिहीत नाही. रामनगरच्या काठाला नाव लागेपर्यंत मला कळलं होतं की तो खरं बोलतोय.

आता मला त्यामागचं सगळं माहीत आहे. दिवसा ऊन असेपर्यंत ते हिरवं पाणी, म्हणजे त्यातलं बारीक शेवाळ, स्वतःच श्वास तयार करतं, रात्री तेच तो खाऊन टाकतं, आणि तळातलं न खाल्लेलं अन्न कुजताना उरलासुरला ओढून घेतं. पहाटे काहीच शिल्लक राहत नाही. कासवं, कमळं, गाळ, जाळं, यांतला एकेक धागा आम्ही काढत गेलो आणि तरी वस्त्र टिकलं होतं, म्हणून आम्हाला वाटलं की ते धागे नव्हतेच. हे मी वर्गात फळ्यावर खडूनं काढून दाखवत असे. पण त्या दिवशी नावेत मला यातलं शास्त्र, सूत्र काहीच माहीत नव्हतं आणि तरी जेवढं कळायला हवं तेवढं कळलं होतं. कळण्याची अडचण नव्हती.

परतल्यावर मी आईला गाठलं. ती कणीक मळत होती. मी अर्धंच सांगितलं, की सुक्खू म्हणतो मासे आजारी आहेत. आईचे हात थांबले. "गप बस," ती म्हणाली. "ते नवसाचे आहेत. तुझ्या जिवावरचे आहेत. असलं तोंडातून काढू नये." आणि तिनं पदराला हात पुसून माझ्या कपाळाला लावून पाहिला, ताप आहे की काय म्हणून.

अण्णांना सांगायचं मी रोज ठरवत असे. पहाटे त्यांच्याबरोबर चालताना गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत शब्द जुळवत असे, आणि रस्ता ओलांडला की पायऱ्यांवरची गर्दी दिसे. त्यांना वाट करून देणारे लोक दिसत. "आइए, महाराज जी," असं कुणीतरी म्हणे. माझे वडील महाराज झाले होते. उद्या सांगू, असं मी म्हणे. असे अकरा दिवस गेले. ते मी मोजले होते, तेव्हाच. उशीर होतोय हे माहीत असल्याशिवाय कुणी दिवस मोजत नाही.

आषाढ लागला तरी पाऊस नव्हता. मग ढग आले. तीन दिवस आकाश झाकलेलं, थेंब नाही, पूर्वेकडून येणारी पुरवाई बंद, पिंपळाचं पान हलेना. चौथ्या पहाटे आम्ही गेलो तेव्हा गर्दी नेहमीसारखीच होती, पण आवाज नव्हता. वास मोठ्या रस्त्यावरच आला होता. कुंडात पाणी दिसत नव्हतं. पांढरी पोटं दिसत होती, या काठापासून त्या काठापर्यंत, एकाला एक लागून. काही अजून तोंड हलवत होते. एक बाई लाह्यांची पुरचुंडी घेऊन आली होती. तिनं ती सवयीनं सोडली आणि लाह्या त्या पोटांवर पडून राहिल्या.

लोक पांगायला वेळ लागला नाही. काहींनी कानांना हात लावले, कुणीतरी काहीतरी पाप घडलंय असं म्हणालं, आणि त्या म्हणण्यात अण्णांकडे एक नजर होती. उन्हं वर यायच्या आत काठावर आम्ही दोघंच राहिलो. मी रस्त्यावर गेले, घाटापर्यंत पळत गेले आणि सुक्खूला घेऊन आले. तो आला, त्याचा भाऊ आला. त्यानं 'सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. त्यानं जाळं सोडलं आणि पाण्यात उतरला. त्याच्या मागे धोतर खोचून अण्णा उतरले. ज्या माणसानं जन्मात माशाला बोट लावलं नव्हतं तो दोन्ही हातांनी मासे उचलून टोपलीत भरत होता. एकेक रोहू तान्ह्या मुलाएवढा जड. मी पायरीवरून टोपल्या ओढत होते. देवळामागे खड्डे खणून आम्ही ते पुरले, आणि जे मावले नाहीत ते सुक्खूनं नावेतून रेतीवर नेले. दुपारी त्यानं चिखलात हात घालून एक काळा, सापाच्या तोंडाचा मासा वर काढून दाखवला. "गिरई बचल हौ," तो म्हणाला. वरून हवा घेणारी ती जात. अण्णा तिला नेहमी कुरूप म्हणत. त्यांनी तो मासा पाहिला आणि मान हलवली.

सुक्खू नाव लावून यायला गेला तेव्हा अण्णा माझ्या शेजारी पायरीवर बसले. अंगभर चिखल आणि खवले.

"सुक्खूला बोलवायला तू इतकी सरळ कशी धावलीस?" त्यांनी विचारलं. मी रिकामी टोपली पालथी घातली. "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"चौदा-पंधरा दिवस झाले. सुक्खूकाकांनी नावेत सांगितलं होतं." मग मला राहवलं नाही. "अण्णा, तुम्ही इतके खूश होतात. मी कसं सांगणार होते?"

ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होते. ते हाताच्या नखांतला चिखल काढत राहिले. "मला फाल्गुनापासून वास येत होता," ते म्हणाले. "आचमनाला पाणी घेतलं की घशाखाली उतरत नव्हतं. पंचपात्रात घरून गंगाजल नेत होतो मी. कुणाला कळलं नाही."

"मग सुक्खूकाकांना का नाही बोलावलंत?"

"बोलावलं असतं तर जाळं पडलं असतं. जाळं पडलं की नवस मोडला." ते थांबले. "आणि तो नवस कुणाचा होता, बाळ?"

मी रडले. माशांसाठी रडले, अण्णांसाठी रडले, आणि माझ्यावरच्या मायेनं एवढं मोठं काही मारता येतं याची भीती वाटून रडले. मी त्यांचं सुख जपत होते, ते माझा जीव जपत होते, आई आम्हा दोघांना जपत होती, आणि कुंडाकडे तिघांनीही डोळेझाक केली होती. ते वर्षभर मी नुसती शिंकले तरी आईचा चेहरा उतरे. मला काही झालं नाही. आज मी अडुसष्ट वर्षांची आहे, गुडघे सोडले तर ठणठणीत आहे.

हल्ली लोक मला सभांना बोलावतात. कुंडं, तळी, नदी, सगळ्यांवर बोलायला. मध्यंतरी एका उन्हाळ्यात घाटासमोर गंगाच हिरवी झाली होती, तेव्हा माझा फोन दिवसभर वाजत होता. उन्हाळे आता त्या उन्हाळ्यापेक्षा लांब असतात, रेती दरवर्षी थोडी आणखी अलीकडे सरकते. व्यासपीठावरून कुणीतरी नेहमी म्हणतं की जनजागृती झाली पाहिजे, लोकांना माहिती नाही. मी ऐकून घेते. बेलकुंडाचं म्हणाल तर ते मेलं नाही. अण्णांनी त्याच भाद्रपदात मंत्र म्हणून नवस देवाला परत केला, असं काही शास्त्रात नसताना केला, आणि सुक्खूनं दोन चैत्र लागोपाठ गाळ काढला. कमळ कुठूनतरी आणून लावलं ते तिसऱ्या खेपेला जगलं. कासवं कधीच आली नाहीत. पाण्याला पुन्हा पाणी व्हायला आठ वर्षं लागली, आणि बिघडायला तीन लागली होती. आज काठाला उंच इमारत आहे, बेलाची तीन झाडं उरली आहेत, आणि दर चैत्रात जाळं पडावं म्हणून मला सुक्खूच्या नातवाला बरोबर घेऊन लोकांशी भांडावं लागतं. भांडते.

पण मला सांगायची आहे ती मासे पुरले त्याच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. मला वाटलं होतं अण्णा घरीच राहतील. ते उठले, स्नान केलं, मला हाक मारली. कुंडावर कुणी नव्हतं. पाणी खाली, काळं, त्यावर खवल्यांचा तवंग. पूजा आटोपून अण्णा पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं एक यात्रेकरू आला, बरोबर बायको आणि दोन मुली, लांबून आलेला दिसत होता; त्याला काही कळलेलं नव्हतं. त्याच्या हातात कणकेच्या गोळ्यांचा द्रोण होता. अण्णा दोन पायऱ्या उतरून त्याच्या आडवे उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

"क्या बात है, महाराज जी?" तो माणूस म्हणाला. "सुना था मछलियाँ यहाँ राम का नाम लेती हैं."

अण्णांना काहीही सांगता आलं असतं. उन्हाळा होता, ढग होते, देवाची इच्छा होती. काशीत कारणांना तोटा नाही. मी बाजूला उभी होते.

"मछलियाँ मर गईं," ते म्हणाले. "हमने मारीं."

त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, आणि मुलींना घेऊन निघून गेला. अण्णा तिथेच उभे राहिले. दुसरा आला, त्यालाही त्यांनी हेच सांगितलं, मग तिसऱ्याला. महिनाभर रोज पहाटे ते त्या पायरीवर उभे राहिले आणि जो येईल त्याला हेच सांगत राहिले, आणि मी रोज त्यांच्या शेजारी उभी राहिले.